जावेद आबिदी, अपंगांचे हक्क आणि न झालेला आयोग

आमच्या खालाची थोरली मुलगी दोन वर्षांची असताना पोलिओनं आजारी पडली. घरात सगळे तिला आपा म्हणतात. तिच्या उजव्या पायात तेव्हापासून कॅलिपर आणि काखेत कुबडी आहे. त्याच कुबडीवर तिनं एम.ए. केलं, बी.एड. केलं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत नोकरीसाठी लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, यादीत नाव वर आलं. नंतर तिला तोंडी सांगण्यात आलं, “मॅडम, आमचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतात, तुम्हाला जमणार नाही.” कागदावर मात्र काहीच दिलं नाही.

मी तिला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात गेलो. कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. मी हात धरायला गेलो तर म्हणाली, “हात नको पकड, मैं चढती.” बसत, उठत, कठड्याला धरत ती वर पोहोचली. टेबलामागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “कोणती योजना?” पेन्शन, तीनचाकी सायकल, एसटीचा पास, बीजभांडवल, अशी यादी त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली. आपा म्हणाली, “योजना नको. मला तक्रार द्यायचीय.” तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. आम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, “ताई, तक्रारीचा फॉर्म नसतो आपल्याकडं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. अपंग माणसाला मदत मागायला फॉर्म आहे, मग अन्याय झाला हे सांगायला का नाही? त्याचं उत्तर शोधताना मी जुने कायदे, न्यायालयाचे निकाल, संसदेतली विधेयकं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय. या इतिहासात जी दोन नावं वारंवार समोर आली, ती आपल्या समाजाला फारशी माहीत नाहीत. म्हणूनही हे लिहिणं गरजेचं वाटलं.

(शब्दाविषयी थोडं. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ लिहितात. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांना हा शब्द पटलेला नाही. अंगात दैवी काही नको, दारात उतार हवा, असं त्यांचं म्हणणं. मी इथं ‘अपंग’ हाच शब्द वापरतोय.)

राज्यघटनेतला ‘दिलासा’

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागेल. अनुच्छेद १५ मध्ये राज्यसंस्थेनं कोणकोणत्या कारणांवरून भेदभाव करू नये याची यादी आहे. त्यात धर्म आहे, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे. अपंगत्व नाही. अपंगत्वाचा उल्लेख येतो तो अनुच्छेद ४१ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व अशा स्थितीत राज्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे साह्य करावं, असा त्याचा आशय. दुसरा उल्लेख सातव्या अनुसूचीत, राज्यांच्या यादीतल्या नवव्या नोंदीत आहे. तिथं अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना ‘साहाय्य’ देणं हा राज्यांचा विषय ठरवला आहे.

यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला म्हणायचं नाही. त्या काळात जगभर असंच मानलं जात होतं. पण त्याचा परिणाम दूरवर झाला. साह्य देणारं एक खातं उभं राहिलं, ते समाजकल्याण. त्याच्याकडं योजना आल्या, लाभार्थी आले, याद्या आल्या. लाभार्थी तक्रार करत नसतो, तो आभार मानतो.

आपल्याकडं समाजातही वेगळं काही नव्हतं. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात बसलेल्या अपंग माणसाच्या हातात आपण नाणं ठेवतो, सवाब मिळाला म्हणून समाधानानं घरी जातो. तोच माणूस आत येऊन वजूखान्यापर्यंत जाईल, अशी वाट किती मशिदींत आहे? मी ज्या मशिदीत जातो तिथं नाही. खैरात देताना आपला हात वर असतो. हक्क मान्य केला की तो हात खाली घ्यावा लागतो. सरकारला दोष देण्याआधी हेही बोललं पाहिजे.

बहारूल इस्लाम समिती

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळलं. भारतात त्यानिमित्तानं कार्यक्रम झाले, टपाल तिकीट निघालं, आणि अपंगांसाठी स्वतंत्र कायदा हवा ही चर्चाही वाढली. अखेर १९८७ मध्ये सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश बहारूल इस्लाम. ते मूळचे आसामचे. त्यांची ओळख आज राजकीय वादांपुरती उरली आहे. पण देशात अपंगांसाठी व्यापक कायदा असावा, असा पहिला पक्का सरकारी अहवाल त्यांच्या समितीनं १९८८ मध्ये दिला, याची आठवण क्वचितच कुणी काढतं.

अहवाल आला आणि कपाटात गेला. पुढं चार वर्षांनी, डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंगला आशिया-पॅसिफिक देशांची बैठक झाली. अपंगांचा पूर्ण सहभाग आणि समानता यांचा जाहीरनामा तिथं मंजूर झाला. १९९३ ते २००२ हे अपंगांचं दशक ठरलं. भारतानं त्यावर सही केली आणि आता कायदा करणं भाग पडलं. आपल्या १९९५ च्या कायद्याच्या प्रास्ताविकेत बीजिंगच्या या बैठकीचा उल्लेख आहे. घरच्या अपंगांची मागणी प्रास्ताविकेत आली नाही.

व्हीलचेअरवरचा पत्रकार

ही मागणी रस्त्यावर आणणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, जावेद आबिदी. जन्म १९६५, अलीगढ. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, ज्याला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. किशोरवयापासून ते व्हीलचेअर वापरू लागले. शिक्षणासाठी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट स्टेट विद्यापीठात गेले, पत्रकारिता शिकले. हे विद्यापीठ व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांना सहज वावरता यावं म्हणून ओळखलं जातं. इमारती एकमेकींना भुयारी मार्गांनी जोडलेल्या आहेत. १९८९ च्या सुमारास ते भारतात परतले.

एकाच शरीरानं त्यांनी दोन्ही देश अनुभवले होते. पाय तेच, खुर्ची तीच. तिथं एकट्यानं वर्गात जाता येत होतं, इथं एका पायरीपाशी चार माणसं बोलवावी लागत होती. अडचण शरीरात कमी आणि पायरीत जास्त आहे, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

१९९३ मध्ये राजीव गांधी फाउंडेशनमध्ये अपंगांसाठीचं काम त्यांच्याकडं आलं. त्याच सुमारास त्यांनी ‘डिसेबल्ड राइट्स ग्रुप’ उभा केला. या गटाच्या नावातच ‘राइट्स’ म्हणजे हक्क होता, वेल्फेअर म्हणजे कल्याण नव्हतं. तोवर अपंगांच्या बहुतेक संस्था एकेका अपंगत्वापुरत्या होत्या. अंधांची वेगळी, बहिऱ्यांची वेगळी, अस्थिव्यंगांची वेगळी. पुष्कळदा त्या चालवणारे स्वतः अपंग नसत. इथं सगळ्या प्रकारचे अपंग एकत्र आले आणि बोलू लागले ते स्वतःच.

डिसेंबर १९९५. नरसिंह राव सरकारचं हिवाळी अधिवेशन, पुढच्या वर्षी निवडणूक. विधेयक लोंबकळत होतं. या अधिवेशनात झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. दिल्लीच्या थंडीत व्हीलचेअर, कुबड्या आणि पांढऱ्या काठ्या घेऊन अपंग माणसं संसदेच्या दिशेनं निघाली. आबिदी त्यांच्या पुढं होते. त्याच अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. १ जानेवारी १९९६ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा लागू झाला.

कायदा आला, आयुक्त कुठंय?

या कायद्यानं सात प्रकारची अपंगत्वं मान्य केली, सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिलं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलम ५७ नुसार केंद्रात मुख्य आयुक्त आणि कलम ६० नुसार राज्याराज्यांत आयुक्त, असं पद निर्माण केलं. अपंगाचा हक्क डावलला गेला तर त्याची तक्रार ऐकायची, चौकशी करायची, संबंधित अधिकाऱ्यांपुढं प्रश्न न्यायचा, हे त्यांचं काम. देशाच्या इतिहासात पहिल्यांदाच अपंगाच्या तक्रारीला कायद्यानं एक दार दिलं होतं.

पण दार उघडायला माणूस लागतो. कायदा लागू झाल्यावरही त्यानं सांगितलेली यंत्रणा उभी राहायला वेळ लागला. समन्वय समित्या वेळेत झाल्या नाहीत. आबिदी सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘जावेद आबिदी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल १७ डिसेंबर १९९८ ला लागला. खटला चालू असतानाच सरकारनं समित्या नेमल्या. मुख्य आयुक्तांचं कार्यालयही १९९८ मध्येच सुरू झालं.

याच खटल्यात विमानप्रवासाचा मुद्दा होता. इंडियन एअरलाइन्स तेव्हा अंध प्रवाशांना भाड्यात सवलत देत असे, चालता न येणाऱ्यांना नाही. ८० टक्के आणि त्याहून अधिक अस्थिव्यंग असणाऱ्यांनाही ती सवलत द्यावी, असं न्यायालयानं सांगितलं. विमानात सामान चढवावं तसं माणसाला उचलून चढवणं हा अपमान आहे, त्यासाठी साधनं हवीत, ही तक्रारही याच अर्जात होती. ‘विमानानं फिरणारे अपंग किती?’ असं कुणी म्हणेल. पण विमानाच्या शिडीचा प्रश्न आणि आमच्या आपाच्या जिन्याचा प्रश्न एकच आहे.

पुढं आबिदींनी जनगणनेचा प्रश्न हाती घेतला. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाविषयी प्रश्नच नव्हता. सरकार विचारणार, तुम्ही आहात किती? आणि मोजणारही तेच नाही! बऱ्याच आंदोलनानंतर २००१ च्या जनगणनेत तो प्रश्न आला आणि २ कोटी १९ लाख अपंगांची नोंद झाली. २०११ मध्ये ती २ कोटी ६८ लाखांवर गेली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीआधी मतदान केंद्रांवर उतार असावेत म्हणून त्यांचा गट पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तसा आदेश मिळवून आला.

हे सगळं अभिमानानं सांगण्यासारखं आहे. पण एक गोष्ट खटकते. जी कामं अपंगांच्या आयुक्तांनी करायची, ती एका माणसाला आणि त्याच्या गटाला रस्त्यावर बसून आणि कोर्टात जाऊन करावी लागत होती.

दात नसलेलं कार्यालय

आयुक्त काय करू शकतात, याचं नेमकं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दिलं. एका सरकारी बँकेनं एका अपंग अधिकाऱ्याला निवृत्त करायचं ठरवलं. त्याचं म्हणणं होतं, हा भेदभाव आहे. तो मुख्य आयुक्तांकडं गेला. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ही निवृत्ती अमलात आणू नका, असा अंतरिम आदेश आयुक्तांनी दिला. बँक कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असा अंतरिम आदेश देण्याचा अधिकार आयुक्तांना नाही. त्यांना दिवाणी न्यायालयाचे जे अधिकार आहेत ते साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं, प्रतिज्ञापत्र घेणं एवढ्यापुरते.

न्यायालयानं कायद्यात जे होतं तेच वाचून दाखवलं. दोष निकालात नव्हता, कायद्याच्या बांधणीत होता. आयुक्त विचारू शकतात, ऐकू शकतात, लिहू शकतात. थांबवू शकत नाहीत. आणि अपंग माणसाच्या बाबतीत थांबवता न येणं म्हणजे पुष्कळदा सगळं हातून जाणं असतं. नोकरीची जागा भरली जाते, प्रवेशाची तारीख निघून जाते, निवृत्तीचा दिवस उजाडतो.

ब्रिटनमधली तीच गोष्ट, वेगळा शेवट

आपल्याकडं हा कायदा झाला, त्याच वर्षी ब्रिटनमध्येही अपंगांविषयीच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. नोव्हेंबर १९९५. तिथंही आधीची तेरा-चौदा वर्षं खासदारांनी एकामागून एक खासगी विधेयकं आणली आणि सरकारांनी ती पाडली. १९९४ मध्ये रॉजर बेरी या खासदाराचं विधेयक लांबलचक भाषणं आणि दुरुस्त्यांच्या ढिगाखाली गाडलं गेलं. अपंग कार्यकर्ते लंडनच्या बसगाड्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेत होते. बसमध्ये चढता येत नाही तर निदान ती अडवता तरी येते!

सरकारनं अखेर कायदा केला, पण तो अमलात आणणारी संस्था दिली नाही. फक्त एक राष्ट्रीय अपंगत्व परिषद नेमली, जिचं काम मंत्र्यांना सल्ला देणं एवढंच. वंशभेदासाठी आयोग होता, स्त्री-पुरुष समानतेसाठी आयोग होता, अपंगांसाठी सल्लागार परिषद. तिथल्या अपंग संघटनांनी हे मान्य केलं नाही. दात नसलेला कायदा नको, असं ते म्हणत राहिले. सरकार बदललं आणि १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करून ‘अपंग हक्क आयोग’ स्थापन झाला. एप्रिल २००० मध्ये त्याचं काम सुरू झालं. अध्यक्ष झाले बर्ट मॅसी, लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअर वापरणारे.

या आयोगाला औपचारिक तपास करता येत होता, भेदभाव थांबवण्याची नोटीस बजावता येत होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सामान्य अपंग माणसाच्या खटल्याला पैसे आणि वकील देता येत होता. एक उदाहरण सांगतो. रायनएअर या विमान कंपनीनं लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर एका प्रवाशाकडून व्हीलचेअरसाठी १८ पौंड घेतले. एवढ्या रकमेसाठी कोण कोर्टात जाईल? आयोग त्याच्यामागं उभा राहिला. डिसेंबर २००४ मध्ये अपील न्यायालयानं विमान कंपनी आणि विमानतळ दोघांनाही जबाबदार धरलं. आबिदींनी दिल्लीत ज्या प्रश्नासाठी स्वतःच्या नावानं अर्ज केला, तसाच प्रश्न तिथं एका सार्वजनिक संस्थेनं उचलून धरला. मला दोन्ही देशांतला फरक इथं दिसतो.

२००७ मध्ये हा आयोग समानता आणि मानवी हक्कांच्या एका मोठ्या आयोगात विलीन झाला. त्यामुळं अपंगांचा प्रश्न मागं पडला, अशी टीका तिथले अपंग कार्यकर्ते आजही करतात. म्हणजे तिथंही सगळं आलबेल नाही. पण १९९५ ते २००० या पाच वर्षांत त्यांनी जी चूक दुरुस्त केली, ती आपण अजून केलेली नाही.

आयोग येता येता राहिला

दुरुस्तीची संधी आपल्यालाही मिळाली होती. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये अपंगांच्या हक्कांचा करार मंजूर केला. भारतानं ऑक्टोबर २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. या कराराच्या अनुच्छेद ३३ मध्ये साफ लिहिलं आहे, की अंमलबजावणीवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा प्रत्येक देशानं उभी करावी. म्हणून नवा कायदा लिहायला घेतला. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये मसुदा दिला. त्यात अपंगांच्या हक्कांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं तेव्हा ती बरीच पातळ झाली होती, तरी त्यात एक राष्ट्रीय आयोग आणि राज्याराज्यांत आयोग होते. आरक्षण ५ टक्के होतं.

या विधेयकावरून चळवळीतच दोन तट पडले. काहींचं म्हणणं, हे अर्धवट विधेयक नको. काहींचं म्हणणं, जे मिळतंय ते घ्या, नाहीतर आणखी वीस वर्षं जातील. आबिदी कायदा व्हावा म्हणून धडपडणाऱ्यांत होते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं मला वाटतं.

डिसेंबर २०१६. नोटबंदीच्या गोंधळात संसदेचं अख्खं अधिवेशन वाहून जात होतं. त्यातही १४ डिसेंबरला राज्यसभेनं आणि १६ डिसेंबरला लोकसभेनं हे विधेयक मंजूर केलं. सात ऐवजी २१ अपंगत्वं मान्य झाली, ही मोठीच गोष्ट. पण शेवटच्या दुरुस्त्यांत आरक्षण ५ वरून ४ टक्क्यांवर आलं आणि ‘आयोग’ हा शब्द गेला. त्याच्या जागी पुन्हा मुख्य आयुक्त आणि राज्य आयुक्त आले.

शब्दाच्या फरकानं काय बिघडतं? आयोगात अनेक सदस्य असतात, त्यात अपंग माणसं असतात, एकानं नाही तर दुसऱ्यानं आवाज उठवायची शक्यता असते. आयुक्त हे सरकारी साखळीतलं एक पद राहतं. नव्या कायद्यात मुख्य आयुक्तांच्या मदतीला दोन आयुक्त नेमता येतात आणि त्यातला एक अपंग असायला हवा. पण ‘नेमावेत’ असं बंधन नाही, ‘नेमता येतील’ असं आहे. केंद्रात खात्याच्या सचिवांकडंच मुख्य आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार राहिल्याचंही आपण पाहिलं. म्हणजे ज्या खात्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच खात्याच्या प्रमुखानं ती ऐकायची.

एक सुधारणा मात्र खरी झाली. कलम ७६ नुसार आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कार्यवाही कळवली पाहिजे. शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारण द्यायचं, आणि ते तक्रारदारालाही कळवायचं. फार नाही, पण निदान गप्प बसायची मुभा गेली.

तरीही मोठे प्रश्न अजून सर्वोच्च न्यायालयातच सुटतात. राजीव रतूडी या दृष्टिहीन कार्यकर्त्यानं सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात म्हणून २००५ मध्ये अर्ज केला. निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. अंमलबजावणी झाली नाही म्हणून पुन्हा सुनावणी, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं, की याबाबतचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक करा. मधे एकोणीस वर्षं गेली.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची का वाटते

मुसलमान वाचकांना यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. आपल्याकडंही १९९२ च्या कायद्यानं अल्पसंख्याक आयोग आला. तो अहवाल लिहितो, शिफारस करतो. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यातली आकडेवारी आपण पाठ केली, तिच्यावर भाषणं ठोकली. पण त्यातली एक शिफारस आपण जवळजवळ विसरलो, ती म्हणजे समान संधी आयोगाची. त्यासाठी समितीनं ब्रिटनच्या १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्याचा दाखला दिला होता. पुढं माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटानं २००८ मध्ये त्याचा आराखडाही तयार केला. तो केवळ मुसलमानांपुरता नव्हता, सगळ्याच वंचित गटांसाठी होता. तो आयोग आलाच नाही.

घर भाड्यानं न मिळणारा मुसलमान आणि जिन्यामुळं नोकरी न मिळणारी अपंग बाई यांना एकाच गोष्टीची गरज आहे. वकिलाविना, पैशाविना जिथं जाता येईल आणि ज्याचं म्हणणं समोरच्याला ऐकावं लागेल, असं ठिकाण. आपण आपल्या आयोगाची मागणी करताना अपंगांच्या चळवळीकडं कधी पाहिलंच नाही. आणि अपंग मुसलमान, तो तर दोन्हीकडच्या यादीतून सुटतो.

जावेद आबिदी ४ मार्च २०१८ ला गेले. त्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रांत लेख आले. मराठीत फार काही वाचल्याचं मला आठवत नाही, आपल्या उर्दू-मराठी मुस्लिम वर्तुळातही नाही. ते मुसलमानांचे नेते नव्हते, तसा त्यांनी दावाही केला नाही. त्यांनी देशातल्या सगळ्या अपंगांसाठी भांडण केलं. कदाचित म्हणूनच आपण त्यांना आपलं म्हणायला विसरलो.

आपाची तक्रार

त्या दिवशी कार्यालयात आम्ही कोरा कागद मागून घेतला. आपानं स्वतःच्या अक्षरात तक्रार लिहिली. कारकुनानं ती घेतली, शिक्का मारून पोच दिली. पुढं ती वर गेली, संस्थेला नोटीस गेली, दोन तारखा पडल्या. बऱ्याच महिन्यांनी शिफारस आपाच्या बाजूनं झाली. तोवर ती जागा भरली गेली होती. संस्थेनं लेखी उत्तरात ‘यापुढं काळजी घेऊ’ असं कळवलं.

आपा हरली की जिंकली, मला अजून ठरवता येत नाही. नोकरी गेली ती गेलीच. पण तिनं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलंय, डिग्रीच्या प्रमाणपत्रांच्या वर. तिला जमणार नाही, असं तोंडी सांगणाऱ्यांना पहिल्यांदाच कागदावर काही लिहावं लागलं होतं.

आज राज्यात अपंगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये तो केला आणि त्याचं श्रेयही घेतलं, ते रास्तच आहे. पण विभाग योजना देतो. योजनेचं काम वेगळं, तक्रारीचं वेगळं. दोन्ही एकाच टेबलावर ठेवली की तक्रार खाली जाते आणि योजना वर राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाचकांपैकी कुणाच्या घरात अशी वेळ आली असेल तर एवढं लक्षात ठेवा. फॉर्म नाही म्हणून परत येऊ नका. साध्या कागदावर लिहिलेली तक्रार चालते. ती स्वतः देता येते, दुसऱ्याला अधिकार देऊन त्याच्यामार्फत देता येते, टपालानं पाठवता येते. वकील लागत नाही. पोच मात्र घ्या. शिफारस झाली की तीन महिने मोजा आणि कारण मागा. अशा तक्रारी साचत गेल्या, तरच कधीतरी कुणाला वाटेल की यासाठी एक धड आयोग असायला हवा.